सायलोवरची पाठ

"आज गुडघ्यांपर्यंत आला," क्लॅरी म्हणाला आणि घडीची खुर्ची मांडून बसला.

गावाच्या गव्हाच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच गोल कोठारावर, चित्र चाललं होतं. चित्रकार पोरगी क्रेनच्या पाळण्यात उभी राहून वरून खाली रंगवत येत होती. आधी चेंडू आणि दोन हात झाले, मग डेल पेटिफरचा चेहरा, मग छाती. क्लॅरीचे खांदे अजून यायचे होते.

चित्र ज्यावरून काढलं जात होतं तो फोटो सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, ज्यात चेंडू हातानेही झेलतात. क्लॅरीच्या खांद्यांवर गुडघे रोवून उंच गेलेला समोरच्या संघाचा पेटिफर, झेल हातात. क्लॅरी हॉस्किन एकशे सत्तर सामने फुल-बॅक, म्हणजे गोलपुढचा शेवटचा बचावपटू, म्हणून खेळला. समोरच्याच्या हाताशी आलेला चेंडू ठोसा मारून उडवायचा, हेच त्याचं काम. त्यात बोटं वाकडी झाली ती झालीच. त्या दिवशी त्याने पेटिफरला एकच गोल करू दिला आणि सामना आपण जिंकलो. हे सांगितलं की आताची पोरं नुसती मान हलवतात. मला त्यांचा राग येतो.

"तू सरकला का नाहीस रे?" मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"फुल-बॅकने जागा सोडायची नसते, लेस. सरकलो असतो तर तोंडावर आपटला असता गडी."

पोरगी चहाला खाली उतरली. क्लॅरीने खिशातून चोविसाव्या वर्षीचा आपला फोटो काढला, भरपूर केसांचा.

"चेहरा लागेल ना तुला माझा?"

ती ओशाळली. "काका, मूळ फोटोत तुमची पाठच आहे."

"जरा मान वळवली तर?"

"मग तो फोटो राहणार नाही, काका."

त्याने फोटो परत खिशात घातला. "बरं. पाठीवरचा पाच नंबर तरी ठसठशीत काढ."

नंबर तिने खरंच छान काढला, दोन पुरुष उंच.

शनिवारी उद्घाटन झालं. शेगडीवर सॉसेज भाजले, भाषणं झाली. पाटीवर पेटिफरचं नाव होतं आणि खाली फोटोग्राफरचं. पेटिफरने क्लॅरीला मिठी मारली.

"तू होतास म्हणून मी वर गेलो, म्हाताऱ्या."

"ते खरंय," क्लॅरी म्हणाला.

मग तो खुर्ची घेऊन आपल्या पाच नंबरखाली जाऊन बसला. समोर फोटो काढणाऱ्यांची रांग लागली होती. बाहेरगावची एक बाई मोबाइल धरून म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? मध्ये येताय."

"हो, हो," म्हणत क्लॅरी उठला, खुर्ची मिटली आणि बाजूला झाला. त्याला जागा सोडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.