थ्योगरच्या टेबलावरचा प्रिंटर

झेंडा काठीच्या मध्यावर.

चार थर्मास कॉफी. लोणी लावलेले एकशे वीस पाव.

खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर.

पाचव्या कडव्यात बोकड.

प्रिंटर ऑफलाइन आहे.

यातलं शेवटचं वाक्य बोडिलच्या पडद्यावर होतं. शनिवारचे पावणेबारा झाले होते आणि एक वाजता थ्योगरला कबरीपर्यंत पोचवायचं होतं.

मॉर्स बेटावरच्या त्या चर्चच्या कार्यालयात थ्योगर आणि बोडिल एकवीस वर्षं समोरासमोर बसले. पत्रव्यवहार त्याचा, जन्ममृत्यूच्या नोंदी तिच्या. प्रिंटर एकच, त्याच्या कॉम्प्युटरला तारेने जोडलेला. बोडिल आणि पलीकडच्या खोलीतल्या पाद्रीबाई आपापल्या जागेवरून त्याच्यावरच छापायच्या. थ्योगर सकाळी सातला येऊन कॉम्प्युटर लावायचा, संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी बंद करायचा. मागच्या शुक्रवारी तो आलाच नाही. तेव्हापासून त्याच्या टेबलाला कुणी हात लावला नव्हता. तसं कुणी ठरवलं नव्हतं. सगळे नुसते वळसा घालून जात. आठ दिवसांत कार्यालयातून एकही कागद छापून निघाला नाही आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आता बोडिलच्या शेजारी त्याची थोरली बहीण ग्रेथा बसली होती. कोट अंगातच. वहीच्या पानावर निळ्या शाईत सहा कडवी. कुणाची सत्तरी असो, कुणाचं लग्न असो, घरचं माणूस ओळखीच्या चालीवर गाणं रचणार, ते छापून सगळ्यांच्या हातात देणार आणि सगळे मिळून गाणार. ग्रेथाने हे थ्योगरच्या सत्तरीसाठी रचलं होतं. सत्तरी पुढच्या महिन्यात होती.

"चाल सगळ्यांना येते," ग्रेथा म्हणाली. "शब्द माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. कागद नसला तर काय मी एकटीने गायचं? माझा आवाज ऐकलायस ना?"

"ऐकलाय. छापू आपण."

"आणि बोकडाचं कडवं? पाद्रीबाई रागावतील."

"थ्योगर हसला असता. राहू दे ते."

गाणं टाइप करून झालं होतं. बोडिलने प्रेबेनला फोन लावला. गावातल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर तोच बघायचा.

"थ्योगरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड माझ्याकडे नाही, प्रेबेन. कुणाकडेच नाही."

"पासवर्ड कशाला हवाय, बाई?" तो काहीतरी चावत होता. "आत शिरूच नकोस. नुसता चालू कर. पासवर्ड मागत बसला तर बसू दे. तो जागा असला की प्रिंटर सगळ्यांना मिळतो."

"एवढंच?"

"एवढंच. आठ दिवस करत काय होतात तुम्ही?"



थ्योगरची स्वेटर टांगलेली खुर्ची न हलवता बोडिल बाजूने वाकली आणि तिने बटण दाबलं. पंखा घरघरला. पडद्यावर थ्योगरचं नाव आलं, नावाखाली रिकामी चौकट. प्रिंटरवर कागद संपल्याचा दिवा लुकलुकत होता. कपाटात फोडलेलं एकच पुडकं होतं. कागद मागवायचं कामही थ्योगरचंच. तिने होता नव्हता तेवढा सगळा कागद घातला.

ती जागेवर पोचायच्या आधीच प्रिंटर सुरू झाला.

निघालेला कागद गाण्याचा नव्हता. "गुरुवारी गाण्यांची संध्याकाळ. कॉफी मिळेल. आवाज घरी विसरू नये." थ्योगरने शेवटच्या संध्याकाळी छापायला सोडलेलं, कागद संपला म्हणून सकाळवर टाकलेलं.

दुसरा कागद. तिसरा.

लाल बटण दाबलं की थांबलं असतं. परत आलेल्या बोडिलचं बोट बटणावर होतं.

"काय छापतंय?" ग्रेथाने विचारलं.

"परवाच्या गुरुवारचं पत्रक. त्याने पाठवलेलं."

"झाला का कार्यक्रम?"

"रद्द केला."

ग्रेथा बराच वेळ कागद पडताना बघत राहिली.

"होऊ दे त्याचं," ती म्हणाली.

बोडिलने बोट काढलं.

१२:०९.

१२:१६.

शेवटचा कागदही त्याच्या पत्रकानेच घेतला. कपाट रिकामं. दुकान अकरा किलोमीटरवर. बोडिलने गरम गठ्ठा उचलला, कडा ठोकून सारख्या केल्या, पालथा घातला.

"मागच्या बाजूला छापते. चालेल?"

"पुढची बाजू लहानपणापासून त्यालाच लागायची," ग्रेथा म्हणाली. "घे म्हणावं."

मग तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. बोडिलने आपल्या जागेवरून छापायला सोडलं, आणि थ्योगरचं नाव पडद्यावर तसंच असताना त्याच्या बहिणीचं गाणं एकेक करून बाहेर आलं.

चर्चमध्ये सहाही कडवी गायली गेली. मधेच कुणीतरी कागद उलटला, मग शेजारच्याने. गाणं थांबलं नाही. ग्रेथाचा आवाज कुणाला वेगळा ऐकू आला नाही.

थ्योगरने प्रिंटर बसवून सगळ्यांना जोडून दिला, त्या मंगळवारी बोडिल दाढ काढायला गेली होती; पासवर्ड लागत नाही हे तिला कळलंच नव्हतं.