भट्टीच्या भिंतीआडची लिंडन

मित्रांनो, मी पाटी आहे. तळहाताएवढी, मेपलच्या लाकडाची, आणि आता मधोमध तडा गेलेली. माझ्यावर 'लिंडन' असं कोरलेलं आहे. शेवटचं अक्षर जरा खाली उतरलंय, जसं दमलेलं मूल पायरीवर बसावं तसं. त्या अक्षराला हसू नका. त्याचीच ही गोष्ट आहे.

लिंडन हे नदीच्या वळणावरचं गाव. तिथल्या बेकरीत बोहुमिल ह्रुश्का पाव भाजायचा. भट्टीत पाव सरकवायचं त्याचं लांब लाकडी फावडं एका हिवाळ्यात मोडलं. फेकून देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने त्याचे आठ तुकडे केले आणि नदीकाठच्या आठ गावांची नावं कोरायला घेतली, कारण आठही गावांचे बेसबॉलचे संघ होते, पगारी खेळाडूंचे. सात पाट्या भराभर झाल्या. आपल्या गावाची त्याने शेवटी ठेवली, सणाचा गोड घास ठेवावा तशी. तेवढ्यात त्याचं उजवं अंग लुळं पडलं. मला त्याने डाव्या हाताने कोरलं. महिना लागला. वसंतात तो गेला.

भट्टीच्या भिंतीवर एक फळा आणि त्यावर एकाखाली एक आठ खिळे. रोज सकाळी बोहुमिलची बायको व्लास्ताकाकू आदल्या दिवशीचे निकाल पाहून आम्हाला वरखाली करायची. जो संघ पुढे, त्याची पाटी वर. मला हातात घेतलं की पिठाचा अंगठा त्या उतरलेल्या अक्षरावरून फिरवायची आणि मगच खिळ्यावर टांगायची. बहुतेक वेळा खालच्या खिळ्यांवरच. पण त्या अंगठ्यापुढे मला पहिला खिळाही नको होता.

एका जूनमध्ये आम्ही सातवे होतो. दार धाडकन आपटलं, मी खिळ्यावरून उडाले, फळ्याच्या बाजूच्या कडेवर आपटून मागच्या फटीत घसरले आणि अर्ध्यात अडकले. पुढे फळा, मागे तापलेल्या विटा. मला शोधलं, मी सापडले नाही. माझ्या खिळ्यावर बिस्किटं कापायचं पत्र्याचं बदक टांगलं गेलं.

पहिली हाक मी विटेला घातली, दुसरी फटीतल्या उजेडाला, तिसरी काकूच्या हाताला. वीट ऐकत नव्हती, उजेड थांबत नव्हता. हात रोज यायचा, पण फळ्याच्या पलीकडे.

आणि आमचा संघ जिंकू लागला! माझ्या पाठीमागे भट्टी धगधगायची आणि पुढ्यातून गप्पा ऐकू यायच्या. "ओकवीलचे चेंडू फेकणारे भारी, पण उन्हाळा चढला की त्यांचे हात उतरतात." "पोर्टरवाले आपल्या मैदानावर मिशा पिळतात, बाहेरगावी खेळायला बसमध्ये बसले की गाठोडं होतात." "आणि आपले?" "आपल्यांचं विचारू नकोस, दृष्ट लागेल." बदक सहाव्या खिळ्यावर गेलं, मग पाचव्या, मग चौथ्या.

एकदा टपालवाल्या एमिलची पेन्सिल खाली पडली. ती शोधायला तो वाकला आणि टॉर्चचा झोत माझ्या तोंडावर आला.

"काकू! तुझी लिंडन इथे बसलीय की लपून!"

"काढ रे, काढ बाबा लवकर!" काकूच्या हातातला पाव टेबलावर पडला.

एमिलने तार वाकवली. तारेचं टोक मला शिवलं आणि थांबलं.

"काकू, ही पडल्यापासून आपण किती जिंकलो?"

"तेरातले अकरा," कोणीतरी म्हणालं.

तार हळूच मागे गेली. मित्रांनो, त्या गावचे लोक दुष्ट नव्हते. संघ जिंकत असेल तर शकुन मोडू नये म्हणून ते मोजेसुद्धा धूत नसत, बसायची जागा बदलत नसत.

"हंगाम संपेपर्यंत राहू दे, काकू. तीस वर्षांत आपण वर गेलेलो नाही. पाटीला काय होतंय? खाणं मागते का ती?" एमिल म्हणाला.

काकूने टेबलावर पडलेला पाव उचलला. मग म्हणाली, "राहू दे."

डाव्या हाताचं ती कोणालाच बोलली नाही.

दिवस गेले. माझं लाकूड आकसू लागलं. आतला ओलावा विटेने पिऊन टाकला. काकूला ते कळत होतं. रोज ती फळ्याच्या वरच्या कडेवर ओलं फडकं टाकायची. त्याचे दोन-तीन थेंब माझ्यापर्यंत पोहोचायचे.

"हे कशाला?" एमिलने एकदा विचारलं.

"धूळ बसते," ती म्हणाली.

जुलैत हंगाम बरोबर निम्मा झाला. त्या सकाळी बदक पहिल्या खिळ्यावर चढलं. ओकवीलच्या आम्ही जेमतेम पुढे! बेकरी खचाखच भरली होती. खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, संपले तरी कोणी हलेना. त्या गलक्यात मी फुटले.

टक्.

एवढासाच आवाज, पण काकूचे हात थांबले.

"ते त्याचं डाव्या हाताचं होतं," ती म्हणाली.

"काय, काकू?" एमिलने विचारलं.

"लिंडन. उजवा हात गेला होता तेव्हा. शेवटचं काम त्याचं." एवढं बोलून ती पाव कागदात गुंडाळू लागली. कागद नीट बसेना.

शाळेत स्वयंपाक करणारी रुझेना तिची बालमैत्रीण. ती भडकलीच. "अगं व्लास्ता, आणि तू महिनाभर गप्प बसलीस?"

"तुम्ही जिंकत होतात ना," काकू म्हणाली.

मग एमिलने टपालाची पिशवी खाली ठेवली, बाही वर केली आणि फटीत हात घातला.

मागून एकजण ओरडला, "एमिल, संध्याकाळी ओकवीलशी सामना आहे! उद्या काढ की!"

"असू दे. बॅट त्या पोरांच्या हातात आहे. पाटीच्या नाही."

विटेने त्याची बोटं पोळली, पण त्याने मला सोडलं नाही. उजेडात आले तेव्हा मला काहीच दिसेना. दिसलं ते आधी काकूचं तोंड. एमिल मान खाली घालून उभा होता. "मीच म्हणालो होतो, राहू दे," तो पुटपुटला. काकूने त्याच्या पोळलेल्या बोटांना लोणी लावलं, आणि मला मागून पट्टी चिकटवली.

संध्याकाळी आम्ही हरलो.

सकाळी बेकरीत कोणी कोणाकडे बघेना. काकूने ओकवीलची पाटी पहिल्या खिळ्यावर टांगली. मला हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि दुसऱ्या खिळ्यावर अडकवलं. तेव्हा एमिल म्हणाला, "दुसरा नंबर वाईट असतो का? खालच्या सहाजणांना विचारा!" आधी रुझेना हसली, मग सगळे.

त्या वर्षी आम्ही तिसरे आलो. बदक पुन्हा बिस्किटं कापू लागलं.

मित्रांनो, कोणाला 'आहेस तिथेच राहा' म्हणायच्या आधी, ती जागा किती तापते ते वाकून बघा. आणि तुमच्या आनंदात घरातलं कोणी गप्प असेल, तर त्याला दोनदा विचारा. फडकं ओलं कशाला, असं एमिलने विचारलं होतं खरं, पण 'धूळ बसते' एवढ्यावरच त्याचं समाधान झालं होतं.

माझा तडा बुजला नाही. पण रोज सकाळी काकूचा अंगठा त्यावरून फिरतो, आणि थोडं पीठ त्यात भरून राहतं.