विझवला की चावणारा दिवा

आईचा दिवा चावतो, ही घरातली गंमत होऊन दोन महिने झाले होते. त्या गमतीवर सगळ्यात मोठ्यांदा कोण हसलं असेल, तर थोरली लेक. आणि तिचा तर धंदाच दिव्यांचा.

थोरलीचं दुकान एवढंसं, पण दिवे यायचे लांबून. बोटीनं आलेले, परक्या देशातल्या कुणाकुणाच्या बैठकीतले, पितळी अंगाचे, चपट्या पायांच्या प्लगचे. तिकडची वीज इकडच्या निम्म्या दाबाची. म्हणून आल्या आल्या ती प्लग कापून टाकायची, वायरीवरचा तिकडचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त आणि बंद करायचं बटण, काढून इकडचा बसवायची, बल्ब बदलायची, पितळेला अर्थिंगची तार द्यायची आणि शेवटी टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय दिवा हातावेगळा करायची नाही. शिकवायला कुणी नव्हतं. दोन झटके आणि चार पुस्तकं एवढ्यावर शिकलेली, त्यामुळे गुर्मी जरा जास्तच.

आईला दिलेला दिवा तेवढा तिनं दुकानात जोडला नव्हता. आईच्या जेवणाच्या टेबलावर, गप्पा मारता मारता, चष्मा दुकानात विसरून जोडला होता. टेस्टरही लावला नाही. घरचंच तर काम!

आठवड्याभरात आईचा फोन आला. "अगं, हा दिवा चावतो."

"कधी?"

"पुसताना. विझवला की चावतो."

"विझवल्यावर? आई, बंद दिवा कसा चावेल? तो काय कुत्रा आहे?"

मग धाकटा भाऊ येऊन गेला. दिव्याच्या अंगावरून दोन्ही हात फिरवून म्हणाला, "मला कसा नाही चावत? ओळखीचा आहे वाटतं." आई नेमका कुठं हात लावते, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

वडील गेल्यापासून आई एकटी. मध्यंतरी एकदा गॅस चालू राहिला होता, एकदा किल्ली आत राहिली होती. त्यात आता दिवा. धाकट्यानं तिला डॉक्टरांकडे नेलं. थोरलीही गेली आणि दिव्याची गोष्ट तिनंच सांगितली, जाणकाराच्या थाटात. "बंद दिव्यात करंट नसतो हो डॉक्टर. माझा व्यवसायच आहे तो." डॉक्टरांनी ते वाक्य फाइलमध्ये लिहून घेतलं आणि आईला एकटं ठेवू नका म्हणाले. ठरलं. महिनाअखेरीस आईनं धाकट्याकडे जायचं आणि घर भाड्यानं द्यायचं. चाळीस वर्षांचं घर. आई वाद घालण्यात पटाईत बाई, पण त्या दिवशी रिक्षात मांडीवरची पर्स तेवढी उघडत-मिटत बसली.

आणि मग एका शुक्रवारी दुकानात थोरलीनं तसलाच एक दिवा जोडला. सवयीनं डिमर टिक्‌ करून बंद केला, बल्ब काढला, बल्ब ज्यात फिरवून बसतो त्या होल्डरच्या आट्यांना टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"अगं बाई, उलटं झालं की," असं म्हणून ती स्वतःशीच हसली. त्या वायरीत दोन तारा असतात, एक गुळगुळीत आणि एकीवर बारीक उठलेली रेघ. रेघेची तार आट्यांना जाते. तिला वीज द्यायची नसते. वीज द्यायची गुळगुळीत तारेला, डिमरमधून. अदलाबदल झाली की डिमर परतीची वाट तेवढी तोडतो. दिवा विझतो, पण आट्यांत वीज तशीच उभी असते, आणि बल्ब फिरवून काढणाऱ्या बोटांची वाट बघते.

तिचं हसू जागच्या जागी मेलं. आई दर शनिवारी दिवा विझवते, बल्ब काढते आणि पुसते.

ती स्टुलावर बसली. आईला काही झालं असतं तर, हा विचार आधी यायला हवा होता. आला तो दुसराच. आता हे सगळ्यांना कळणार. याचीच तिला नंतर जास्त लाज वाटली.

शनिवारी सकाळी ती आईकडे पोचली. आई अंघोळीला गेल्याबरोबर तिनं प्लग काढला, उघडला, तारा बदलल्या, परत लावून टेस्टरनं तपासलं. टेस्टर गार. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबायच्या आत पेचकस पिशवीत गेला होता. स्वतःच्या आईच्या घरात चोरासारखं!

"आज दिवा पुसायचा नाही का?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

आईनं फडकं घेतलं. डिमर बंद केला. बल्ब फिरवताना डोळे गच्च मिटले, खांदे वर गेले. मग एक डोळा उघडला. मग बोट मुद्दाम आट्यांना लावलं.

"नाही चावला," आई म्हणाली.

"बघ!" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

आई खुर्चीवर बसली. बल्ब मांडीवर. "म्हणजे तुम्ही म्हणत होता तेच खरं. मला आपलं वाटायचं, निदान एवढं तरी मला नक्की कळतंय." तिनं फोन ओढला आणि धाकट्याला लावला. "हां, मीच. महिनाअखेर कशाला, उद्याच ये न्यायला. नाही रे, रागावले नाही. माझं डोकंच—"

"आई, ठेव तो."

"अगं, बोलतेय मी."

"दिवा चावत होता. मी उलटा जोडला होता. आत्ता तू अंघोळीला गेलीस तेव्हा गुपचूप नीट केला."

फोनमधून धाकट्याचं "काय? ताई, काय म्हणालीस?" ऐकू येत राहिलं. आईनं फोन कानाला लावला नाही की ठेवलाही नाही.

"चूक होते गं," ती म्हणाली. "पण हसलीस कशाला? आणि आत्ता 'बघ' म्हणालीस!"

आईनं मग फोन कानाला लावला. "उद्या येऊ नकोस. आलास तर जेवायला ये, हातात बॅग नको."

सोमवारी आई डॉक्टरांकडे जायला निघाली, तीच थोरलीला घेऊन. रुग्णाच्या खुर्चीवर तिला बसवलं आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसली. थोरलीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. रेघेची तार, आटे, विसरलेला चष्मा, न लावलेला टेस्टर. डॉक्टर फाइल चाळत होते.

"म्हणजे दिवा खरंच चावत होता?"

"हो."

"आणि तुम्ही तर म्हणाला होता, तुमचा व्यवसायच..."

"दिवेच दुरुस्त करते," थोरली पुटपुटली.

आईनं पर्स मांडीवर सरळ केली. "जरा मोठ्यांदा सांग," ती म्हणाली. "त्यांना लिहून घ्यायचंय."