विहिरीवरचा पापुद्रा

मी एक म्हातारी रानगाढवीण आहे. आमच्या कच्छच्या छोट्या रणात मला घुडखर म्हणतात. माझा रंग वाळलेल्या चिखलासारखा आहे आणि पाठीवरून एक गडद पट्टा गेला आहे.

मित्रांनो, पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं. फक्त उंचवटे वर राहतात. अशाच एका बेटावर माझा जन्म झाला. पाणी ओसरलं की आम्ही पांगतो. खारट झुडपं, बाभळीच्या शेंगा, मिळेल ते खातो. मी तरणी होते तेव्हा जीपमधली माणसं माझं पळणं बघायला थांबायची. आता ती माझ्या नातींसाठी थांबतात.

पाणी ओसरलं की मीठ पिकवणारे अगरियेही येतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसायला ते विहीर खणतात. ते पाणी तळ्यात साठवून उन्हात आटवतात आणि मग वाफ्यात सोडून मीठ पिकवतात. उन्हाळ्याच्या शेवटी ती बुजवून घरी जायची रीत आहे. एका वर्षी वेलजीभाई नावाच्या अगरियाने ती बुजवली नाही. पुढच्या साली उपयोगी पडेल म्हणून तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पुराने त्यांवर गाळ पसरला. गाळ वाळला, भेगाळला. आजूबाजूची जमीनही तशीच दिसत होती. परत आल्यावर वेलजीभाईंनी दुसरीच विहीर खणली आणि ही तशीच राहिली. त्या माघात माझ्या सहा महिन्यांच्या पिल्लाने तिथे पाय ठेवला आणि ते आत गेलं.

विहीर दोन पुरुष खोल होती. तळाशी नुसता चिखल होता. वेलजीभाई आणि त्यांची बायको मोंघीबेन धावत आले. मी शंभर पावलांवर उभी राहिले. त्याहून जवळ जायची आम्हाला सवय नाही.

वेलजीभाईंनी दोराचा फास सोडला. पिल्लाने लाथा झाडल्या आणि कडेची माती ढासळली.

"मी आत उतरतो," वेलजीभाई म्हणाले.

"उतरा. म्हणजे मला दोन गाढवं काढावी लागतील."

ऊन कललं. पिल्लू दमून मान खाली घालून उभं राहिलं. मोंघीबेन फावडं घेऊन आली.

"तळ्याचा बांध फोडून पाणी विहिरीत सोडते. पाणी चढेल तसं ते वर येईल."

"अगं, महिनाभर उन्हात आटवलंय ते पाणी. त्यावर वाफा पिकायचाय."

"आटवलंय म्हणूनच. एवढ्या खाऱ्या पाण्यात कोण बुडतं? परवा तुम्ही पडलात, तर बुचासारखे वर आलात."

"पडलो नव्हतो. पाय घसरला."

"बरं. आणि विहीर उघडी कोणी टाकली?"

 वेलजीभाईंनी तिच्या हातातलं फावडं घेतलं आणि बांध स्वतः फोडला.

रणाची माती चिकण असल्यामुळे पाणी मुरलं नाही. पिल्लाचे पाय तळापासून सुटले, तरी मान वर राहिली. बऱ्याच वेळाने मला जमिनीच्या पातळीला दोन कान दिसले. दोघांनी पालथं पडून पिल्लाची आयाळ धरली आणि त्याला ओढून काढलं. ते वेलजीभाईंच्या दंडाला चावलं आणि माझ्याकडे आलं. मीठ डोळ्यांत गेल्यामुळे त्याला आठ दिवस नीट दिसत नव्हतं. वेलजीभाईंच्या वाफ्यात त्या साली मीठ कमीच आलं.

दुसऱ्या दिवशी दोघं विहीर बुजवत होती.

मित्रांनो, आम्हाला तुमच्याकडून गवत नको, पाणीही नको. रण आम्हाला पुरतं. खणलेलं मात्र बुजवून जा. पावसानंतर इथे खड्डा आणि जमीन सारखीच दिसते. खड्डा कुठे आहे, हे फक्त खणणाऱ्याला माहीत असतं.