चार वाजता या

“सोडा. अहो, हात काढा त्या नळावरून. धूळ बसलीय नुसती, धुवून घेते.”

त्याने हात काढला नाही. डावा पंजा नळाच्या तोंडावर गच्च दाबून तो उभा होता. बोटांच्या फटींतून पाणी चहूकडे उडत होतं, तिच्या तोंडावर, त्याच्या पायजम्यावर, अंगणातल्या फरशीवर.

“चार वाजता!” तो ओरडला. “चार वाजता! चार वाजता!”

तिच्या काखेत गाडीच्या एसीचा नवा कंडेन्सर होता. खिडकीच्या झडपेएवढा लांब, बोटभर जाडीचा, बारीक पत्र्याच्या शेकडो पापण्यांचा. त्याच्या दोन्ही तोंडांवरची प्लॅस्टिकची टोपणं तिने खोक्यातून काढल्या काढल्याच उपटून एका वाटीत ठेवली होती. नवी वस्तू घरात आली की आधी धुवायची, ही तिची पद्धत. कपबशी असो, चादर असो.

“बरं बाबा. नाही धूत. झालं?”

तिने नळ बंद केला. तो काठी टेकत वाटीपर्यंत गेला. एक टोपण उचललं आणि कंडेन्सरच्या उघड्या तोंडावर बसवलं. डाव्या हाताने, तिसऱ्या प्रयत्नात. मग दुसरं. मग खुर्चीत जाऊन बसला आणि धापा टाकत राहिला.

पांघरुणाचं टोक पायाखालीच हवं म्हणून रोज रात्री धरतात तसलाच हट्ट, असं तिला वाटलं. अजून सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि ती दमली होती.


रकाना ४. रुग्ण बोलतो का? (हो / नाही / अंशतः)

अंशतः.

या रकान्यात जागा फार कमी होती. नाहीतर तिने लिहिलं असतं.

तीस वर्षं हा माणूस घराच्या अंगणात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक आलं की बॉनेट उघडायचं, पाचेक मिनिटं आत बघत राहायचं, आणि मान वर न करता म्हणायचं, “चार वाजता या.” चार वाजता गाडी तयार आहे असं कधी झालं नाही. जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं की ‘चार वाजता’ म्हणजे आज नाही. ती येतच नसत. नवखी येत, बिचारी पायरीवर बसून राहत, आणि तिला चहा करावा लागे. गल्लीत त्याला ‘चारवाजते’ म्हणत. मुलाच्या शाळेत एका मास्तरांनी हजेरी घेताना तेच आडनाव पुकारलं होतं, आणि मुलगा “हजर” म्हणाला होता. त्या दिवशी घरात सगळे हसून हसून लोळले होते.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि शब्द गेले. सगळे. एवढे दोनच राहिले.

भूक लागली: चार वाजता. लघवीला जायचंय: चार वाजता. पहाटे तीनला जागा होऊन छताकडे बघत: चार वाजता.


रकाना ५. आहार

नंतर लिहू.


अर्ज बाजूच्या स्टुलावर होता, तेलाच्या छोट्या बाटलीखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून. मुलाने पाठवला होता. शहराबाहेर साडेचार तासांवर एक केंद्र होतं. रुग्ण तिथे कायमचे राहत. अर्ज सोमवारी तिथे पोचला की त्याच दिवशी खोली मिळणार होती. मुलगा रविवारी रात्री येणार, सोमवारी सकाळी गाडी काढायची.

आणि गाडीचा एसी मेला होता. एक दगड उडून जाळीतून आत गेला आणि कंडेन्सरला भोक पाडून गेला होता. आतला गॅस केव्हाच उडून गेला. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून परत येताना अर्ध्या तासाच्या उन्हात त्याचे डोळे फिरले होते. गॅरेजवाला म्हणाला, बुधवारी आणा.

“सोमवारी न्यायचंय त्यांना आणि गाडी बुधवारी,” ती स्वतःशीच म्हणाली होती. मग कपाटामागून त्याची हत्यारांची पिशवी ओढून काढली. तीस वर्षं कचेरीच्या आधी नि नंतर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आले. किती बोल्ट असणार?

एकोणीस होते.


रकाना ७. स्वभाव (शांत / चिडखोर / आक्रमक)

पुढचा बंपर निघाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिच्या बोटांची सालटं निघाली होती. एक बोल्ट कुठे गडप झाला कोण जाणे. तो खुर्चीतून काठीने दाखवायचा, हा नाही, तो. ती चुकली की काठी आपटायचा. बरोबर असलं तरी काठी आपटायचा, असं तिला वाटत होतं.

कुंपणावरून शेजारीण डोकावली.

“काय वहिनी, आज शस्त्रक्रिया?”

“हो ना. नर्सही मीच, डॉक्टरही मीच.”

“आणि हे?”

“ते पेशंटचे नातेवाईक. नुसते सूचना देतात.”

शेजारीण हसली. तोही हसला, डाव्या बाजूने. ती पान्यावर जोर देत होती, तिने पाहिलं नाही.


फोन वाजला. हाताला तेल होतं, म्हणून तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला आणि रेडिएटरवर ठेवला.

“आई, अगं टॅक्सी करू आपण. कशाला त्या डब्यामागे लागलीयस?”

“घरच्या गाडीतून जातील ते.”

“अर्ज भरलास?”

“चाललाय.”

“सूचना समजतात का, तिथे ‘नाही’वर खूण कर. समजतं असं लिहिलं तर ते वेगळ्या विभागात टाकतात, तिथे जागा नाहीये. आणि डॉक्टरही म्हणालेच ना, सांगता येत नाही म्हणून.”

“केलीय सकाळीच.”

“आई... बाबा जवळ नाहीयेत ना?”

“समोरच बसलेत. त्यांना काय कळतंय रे आता. मी बोलते त्यातलं ओ की ठो नाही. काल दोन तास सांगत होते, गोळी गिळा, गोळी गिळा. माझ्याकडे बघून हसत बसले.” तिने पाना खाली ठेवला. “मला होत नाही रे आता. उचलताना माझीच कंबर जाते. मला नाही होत.”

“माहितीय आई. म्हणून तर.”

तो मांडीवर वाटी घेऊन बसला होता. जोडाच्या नव्या हिरव्या रबरी रिंगा एकेक करून तेलात बुडवत होता, एका हाताने. एक रिंग घरंगळत खाली पडली. ती उचलायला त्याला बराच वेळ लागला.


रकाना ८. नैसर्गिक विधींबाबत सांगतो का?

आजचंच उदाहरण.

जुना कंडेन्सर निघाला. नवा बसला. त्याने दाखवल्यावरच, अगदी शेवटी, तिने टोपणं काढली. आता दोन नळ्या जोडायच्या होत्या. पहिली जोडली. दुसरीच्या टोकावर तेलातली हिरवी रिंग चढवली आणि नळी जागेवर ढकलली.

“चार वाजता!”

“हो, झालंच.”

“चार वाजता! चार वाजता!” काठी फरशीवर. मग खुर्चीच्या हातावर. चेहरा लालबुंद.

“आत्ताच यायची होती का?” पाना टाकून ती उठली. काखेत हात घालून त्याला उठवलं, घरात नेलं, न्हाणीघरात उभं केलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काही झालं नाही. ती दारात थांबली. नळ सोडून पाहिला, पाण्याच्या आवाजाने होतं कधी कधी. नाही.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पायजमा स्वतःच वर ओढला आणि बाहेर निघाला.

“काय छळता हो,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडायलाही त्राण लागतं.

ती परत गाडीपुढे बसली आणि दुसऱ्या नळीचा बोल्ट आवळला. तो काही बोलला नाही. काठीही आपटली नाही.


पंप कसा लावायचा ते तिला माहीत होतं. तो आवाज ऐकत तिने तीस वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. पंप आतली सगळी हवा ओढून घेतो, काटा शून्याच्या खाली जातो. अर्ध्या तासाने पंप बंद करायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. तो जिथल्या तिथे राहिला तर काम पक्कं. शून्याकडे सरकला तर कुठूनतरी हवा शिरतेय.

सरकला.

आधी तिला वाटलं, आपलेच डोळे. मग तिने काचेवर तेलकट नखाने खूण केली. काटा खुणेच्या वर गेला.

एकोणीस बोल्ट, दोन नळ्या. कुठे शोधायचं? ती फरशीवर पाय पसरून बसली, टेकायला मागे चाक होतं. संध्याकाळची उन्हं कुंपणावर आली होती. उद्या मुलाला सांगायचं, टॅक्सी कर. सांगायचं म्हणजे फोन उचलायचा. तोही तिने उचलला नाही.

खुर्ची करकरली. तो उठला होता. एकटा. काठी, पाय, काठी, पाय. गाडीपर्यंत आला, एक हात रेडिएटरवर टेकून हळूहळू खाली बसला. डॉक्टरांनी हे करायला मनाई केली होती. पिशवीतून त्याने न बघता पाना काढला, आणि सगळं सोडून सरळ दुसऱ्या नळीच्या बोल्टला लावला.

शोधाशोध केली नाही. पहिलीकडे बघितलंही नाही.

बोल्ट निघाला. नळी त्याने बाहेर ओढली आणि तिच्यासमोर धरली. टोकावर हिरवी रिंग होती. तिच्याखाली, नळीच्या खाचेत चिकटून, एक काळी. जुनी. चपटी झालेली, खाचेतल्या मळात मिसळून गेलेली. ती तिने काढलीच नव्हती. जुनीवर नवी चढवली होती.

त्याने करंगळीच्या नखाने जुनी रिंग उचकटली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“चार वाजता,” तो म्हणाला. हळू.

ती त्या रिंगेकडे बघत राहिली. म्हणजे तेव्हा. तेव्हा न्हाणीघरात जायचं नव्हतं. सकाळी नळावरचा हातही हट्ट नव्हता, पाणी आत जाऊ नये म्हणून होता. काठी, प्रत्येक वेळची काठी.

मग ती मनाने मागे मागे जात राहिली. आठ महिने मागे. आणि तिथून परत पुढे आली, आज दुपारी एक वाजेपर्यंत, रेडिएटरवर ठेवलेल्या फोनपर्यंत.

तिने मान वर केली नाही.

“तुम्ही ऐकलंत,” ती म्हणाली.

तो नवी रिंग तेलात बुडवत होता.

“सगळं ऐकलंत. आणि तरी ही गाडी...”

त्याने नळी जागेवर बसवली आणि पाना तिच्यासमोर धरला. शेवटी आवळायला दोन हात लागतात.


रकाना ९, १०

पुन्हा अर्धा तास पंप. मग शांतता. दोघं काट्याकडे बघत बसली, ती फरशीवर, तो उलट्या बादलीवर. काही घडलं नाही. काही न घडण्याकडे इतका वेळ एकत्र बघत बसण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. तिचं डोकं एकदा त्याच्या गुडघ्याला लागलं. ते तिने तिथेच राहू दिलं.

काटा हलला नाही.

त्याच्या सामानातली एसीच्या गॅसची टाकी तिने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. याच काट्यावरून दोघांची आयुष्यभर भांडणं झाली होती. इंजिन चालू केलं. बॉनेटच्या आतल्या चिठ्ठीवर जितके ग्रॅम लिहिले होते तितका गॅस आत जाईपर्यंत त्याने आकड्यांवरची नजर काढली नाही. मग बोट वर केलं: बस.

ती चालकाच्या जागी बसली, तो शेजारी. दारं लावली. तिने पंखा सुरू केला आणि वाट पाहिली, आधी त्याने हात लावावा म्हणून.

त्याने तिचं मनगट धरलं.

गिऱ्हाइकांशी तो असंच करायचा. काम झालं की स्वतः कधी हात लावून बघायचा नाही. गाडी ज्याची, आधी हात त्याचा. तो मनगट धरून हात एसीच्या झरोक्यासमोर नेई आणि तोंडाकडे बघत राही. हे तिने खिडकीतून शेकडो वेळा पाहिलं होतं. स्वतः कधी गिऱ्हाईक झाली नव्हती.

आधी कोमट हवा आली. मग तेवढी नाही. मग सालटं निघालेल्या बोटांना थंडी झोंबली.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“आलं,” ती म्हणाली. “आलं हो.”

त्याने मनगट सोडलं. झरोक्याच्या पट्ट्या एका बोटाने तिच्याकडे वळवल्या आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले.


रकाना ११. प्रवेशाबाबत रुग्णाची स्वतःची इच्छा (सूचना समजत असल्यासच भरावा)

अर्जावर तेलाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. तिने तो स्टिअरिंगवर टेकवून धरला.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे तिची एकोणतीस वर्षं गेली होती. काचेपलीकडच्या प्रत्येकाला ती तीच दोन वाक्यं सांगे. रकाना मोकळा सोडू नका, लागू नसेल तर ‘लागू नाही’ लिहा. आणि खाडाखोड केलीत तर बाजूला सही करा.

रकाना सहामध्ये सूचना समजतात का, त्यापुढे ‘नाही’वर तिची सकाळची खूण होती. तिने ती आडवी रेघ मारून खोडली, ‘हो’वर खूण केली, बाजूला सही केली. रकाना अकरामध्ये सकाळी लिहिलेलं ‘लागू नाही’ होतं. तेही खोडलं. तिथेही सही.

आता रकाना मोकळा होता.

“अहो.”

त्याने डोळे उघडले.

“सोमवारचं विचारतेय. तिथे जायचं का?” तिने पंखा कमी केला. “मला खरंच होत नाही आता. तेही तुम्ही ऐकलंयत. पण विचारायचं राहिलं होतं.”

तो बराच वेळ समोर बघत होता. उघड्या बॉनेटच्या मागच्या बाजूकडे, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. मान वर न करता तो म्हणाला,

“चार वाजता.”

तिने पेन झटकलं. रकाना अकरामध्ये, खिडकीमागच्या त्या गोल, सुटसुटीत अक्षरात, तो म्हणाला तेवढंच लिहिलं आणि पूर्णविराम दिला. मुलगा ते वाचेल. चारवाजत्यांच्याच घरात वाढलाय.

मग तिने पेन त्याच्या डाव्या हातात दिलं आणि सहीची जागा दाखवली.

तो सही करत असताना गाडीखाली पाणी टपकायला लागलं. एसी नीट चालला की टपकतं तसं, सावकाश, एकेक थेंब.