कवळीभोवतीचे पन्नास मीटर

सासूबाईंची कवळी समुद्रात गेली ती एका शिंकेपायी. जावई घरी डबा विसरला होता, तो द्यायला त्या बंदराच्या धक्क्यावर आल्या होत्या. डबा त्याच्या हातात ठेवला, "गार व्हायच्या आत खा" म्हणायला तोंड उघडलं आणि शिंक आली. वरची आणि खालची दोन्ही कवळ्या हवेत उडाल्या, उन्हात चमकल्या आणि पाण्यात पडल्या. पाणी जेमतेम दोन पुरुष खोल, त्यातही ओहोटीमुळे नितळ. दोघं वाकून बघत राहिले. कवळ्या डुलत डुलत खाली गेल्या आणि वाळूवर एकीवर एक अशा बसल्या की तळातून कुणी छद्मी हसतंय असं वाटावं.

आता गंमत अशी, की जावई पेशानं पाणबुड्या. बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. त्या क्षणीही अंगावर रबरी पोशाख होता. चष्मा चढवायचा आणि उडी मारायची, एवढंच बाकी होतं. पण तो जागचा हलला नाही.

"दिशतायत ना शमोर?" सासूबाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "मग काढा की, जावईबापू!"

"अर्ज करावा लागेल, आई."

"कशला अर्ज?"

त्याचंही चुकत नव्हतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी खजिना शोधणाऱ्यांच्या टोळ्यांनी बंदराबाहेर बुडालेलं एक जुनं जहाज हाडापर्यंत सोलून नेलं होतं. मोठमोठे पाइप लावून तळच्या तळ उपसला होता. तेव्हापासून कायदा कडक झाला. माणसानं घडवलेली कुठलीही वस्तू तळावर पडली, की परवानगीशिवाय तिला हात लावायचा नाही. लावला तर पाणबुड्याचा परवाना जन्मभरासाठी रद्द. त्याच्या एका दोस्तानं स्वतःचाच पडलेला चाकू उचलला होता. तो आता चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसतो.

बायकोनं हे ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, माझ्या आईचे दात पाण्यात आणि तुम्ही अर्ज लिहिताय?"

अर्जही नमुनेदार होता. वस्तूचा प्रकार: नाणी, तोफ, नांगर, मूर्ती, इतर. त्यानं 'इतर' वर खूण केली. पुढचा रकाना जहाजाच्या नावाचा, आणि रिकामा सोडल्यास अर्ज बाद. तो अर्धा तास पेन चावत बसला आणि शेवटी त्यानं लिहिलं, 'सासूबाई'.

तिसऱ्या दिवशी समुद्रतळ कार्यालयातली अधिकारी बाई हजर झाली. वयानं लहान, इस्त्रीचा शर्ट, कामाची विलक्षण तळमळ. वही उघडून तिनं विचारलं, "हे 'सासूबाई' जहाज कधी बुडालं?"

"बुडालं नाही, मॅडम. घरी आहे. मिक्सरमधून काढलेली भाजी पितंय."

तिनं हेही लिहून घेतलं. मग कॅमेरा पाण्यात सोडून सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कवळीला नोंदणी क्रमांक दिला आणि निर्णय होईपर्यंत कायद्याप्रमाणे तिच्याभोवती पन्नास मीटरवर चार पिवळे तरंगे सोडले. आत नांगर टाकायचा नाही, गाळ काढायचा नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात गाळ काढायला ड्रेजर आला होता. बंदराच्या तोंडाशी गाळ साचल्यानं मोठी जहाजं बाहेरच खोळंबली होती. ड्रेजरचा कप्तान रागानं लालबुंद होऊन थेट पाणबुड्याच्या घरी आला, पण समोर बोळक्या तोंडाच्या सासूबाई दिसल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"आजी, मी म्हणतो, कवळी चुकून गाळाबरोबर वर आली असं दाखवू."

"नको रे बाबा," पाणबुड्या म्हणाला. "वर आलेली वस्तू परत जागच्या जागी ठेवावी लागते."

"मला सांगतोस?" कप्तान खुर्चीत कोसळला. "गेल्या साली एक दाढी करायची खुर्ची वर आली. न्हाव्याची, फिरणारी. परत ठेवायची तर तिची जागाच मी उपसलेली. खड्डा बुजवायला गेलो, तर समुद्रात भराव टाकायला बंदी. तोवर खुर्ची ओली ठेवायची, कारण सुकली तर खराब होते. आठ महिने झाले, रोज सकाळी उठून मी त्या खुर्चीला आंघोळ घालतोय."

सासूबाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

असे पाच आठवडे गेले. पाणबुड्या कामावर जाता-येता तरंग्यांकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. घरात त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, आणि सासूबाई बोलल्या तरी निम्मं कळत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी अधिकारी बाई कायद्याचं जाडजूड पुस्तक छातीशी धरून दारात उभी. "सापडलं!" ती धापा टाकत म्हणाली. "मानवी अवशेष. त्यांना हा कायदा लागूच नाही. अवशेष ताबडतोब आणि सन्मानानं वारसांच्या स्वाधीन करायचे. आणि अवशेषांच्या व्याख्येत दात आहेत!"

"पण आई जिवंत आहे," बायको म्हणाली.

"मी चार वेळा वाचलं. 'मृत' हा शब्द कुठेच नाही."

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "म्हणजे मी मेले?"

"नाही हो आजी. फक्त तुमचे अवशेष मिळालेत."

बायकोनं वारस म्हणून सही केली. सासूबाईंनी साक्षीदार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सगळे धक्क्यावर जमले. सन्मान कसा करायचा हे कायद्यात दिलेलं होतं, त्यामुळे कप्तानानं टोपी काढली आणि ड्रेजरचा भोंगा तीनदा वाजवला. पाणबुड्या पाण्यात शिरला. तळाशी गुडघे टेकल्यावर मात्र त्याचा हात पुढे होईना. बावीस वर्षांत त्यानं तळावर काय काय पाहिलं होतं, कपबशा, चष्मे, एकदा तर अख्खी सायकल, आणि कशालाही कधी बोट लावलं नव्हतं. कवळीत एक इवलासा खेकडा बिऱ्हाड करून होता. खेकडा माणसानं घडवलेला नाही, याची मनाशी खात्री करून घेऊन त्यानं त्याला हळूच हुसकावलं. मग कवळी उचलली. तिला वजनच नव्हतं.

पांढऱ्या कापडावर ठेवून ती बायकोच्या हातात दिली गेली. अधिकारी बाई गंभीरपणे म्हणाली, "तुमच्या दुःखात कार्यालय सहभागी आहे." आणि काय झालं कोण जाणे, बायकोला एकदम हुंदका फुटला. तो खरा होता. पाणबुड्याचे डोळे चष्म्याच्या आत भरून आले. कप्तानानं नाक शिंकरलं.

"अगं, रडतेश काय?" शेजारी उभ्या सासूबाई करवादल्या. "मी इथे आहे!"

"थांब गं आई," ती डोळे पुसत म्हणाली, "दोन मिनिटं शांतता पाळायची असते."

सासूबाईंनी दोन मिनिटं शांतता पाळली. मग बाटलीभर पाण्यानं कवळी खळखळून धुतली आणि तोंडात बसवली. संध्याकाळपर्यंत तरंगे निघाले, ड्रेजर घरघरू लागला.

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता सासूबाईंनी स्वयंपाकघरात उभ्यानं एक अख्खं गाजर खाल्लं. पाणबुड्या दारात उभा राहून तो कडकड आवाज ऐकत होता. शेवटचा तुकडा संपला तेव्हा त्या वळल्या.

"जावईबापू," त्या स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "अजून एक सोला."