आचलच्या गुडघ्यातला काटा

नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर सकाळपासून इतकी गर्दी होती, की मासोळी घ्यायला आलेली माणसं मासोळी विसरून उभी होती. जागेश्वर महाराज दुखऱ्या जागेवर पितळी नळी लावत, डोळे मिटून ओढत आणि समोरच्या परातीत थुंकत. परातीत काटा पडे. कातडीला भोक नाही, रक्ताचा थेंब नाही. लोक यालाच चमत्कार म्हणत. भोक नाही तर काटा आला कुठून, हा प्रश्न गर्दीत कोणाला सुचत नाही.

"ये करणी का काटा है माय. डॉक्टरच्या मशीनला दिसत नाही," असं म्हणून महाराजांनी मंजूच्या लेकीच्या, आचलच्या गुडघ्यातून एक काटा काढला आणि मंजू ढसाढसा रडली.

आचलला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकतात. पण या आजाराला एक मोठी खोड आहे. तो दिसत नाही. ना प्लास्टर, ना पट्टी. आज ओरडणारी पोर चार दिवसांनी अंगणात खेळते. शेजारीण विचारायची, "कवायतीच्या दिवशीच काऊन दुखते वो हिले?" सासू धुरपताबाईंनी तर निकाल देऊन टाकला होता, "नाटकं हायेत." आणि कधीकधी, कोणाला न सांगता, मंजूलाही तसंच वाटायचं.

म्हणून ती रडली. पोरीला आराम पडला म्हणून नव्हे, तर जगाला दाखवायला अखेर काहीतरी हाती लागलं म्हणून. तिने तो काटा घरोघरी नेऊन दाखवला.

दुखणं ओसरलं. ते दर वेळी ओसरायचंच. या वेळचं श्रेय मात्र महाराजांना गेलं. "गोळी खाल्ली तर काटा परत उगवेल," असं ते बजावून गेले होते. दवाखान्याच्या गोळ्या बंद झाल्या.

महिना सरला नाही तोच एका दुपारी मंजूला आचल धानाच्या कोठीमागे सापडली. ओढणीचा बोळा दातांत धरलेला, अंग घामाने भिजलेलं.

"काऊन सांगितलं नाही मले?"

"काटा निघाला ना," आचल म्हणाली. "आता कोन मानल?"

पूर्वी पोरीचं दुखणं निदान संशयास्पद होतं. आता ते सरळसरळ खोटं ठरलं होतं.

धुरपताबाईंच्या मते एखादा काटा आत राहिला असावा. पोरीला परत पाळीवर नेलं. गर्दी होतीच. महाराजांच्या गालात खर्र्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा, तोबरा होता. आमच्या जिल्ह्यात फुगलेल्या गालावर संशय येत नाही. सपाट गालाच्या माणसालाच लोक तब्येत विचारतात.

आचल चटईवर पडल्या पडल्या त्यांच्याकडे पाहत होती. "महाराज, तुमी खर्रा थुकत काऊन नाही?"

"क्या बेटी?"

"माहे बाबा खर्रा खातेत तं घरून बसस्टँडपर्यंत थुकत जातेत. तुमी कवापासून गाल भरून बसले. परातीत काटाच पडते, खर्रा एकदा नाही थुकले."

कोणीतरी फिस्सकन हसलं. "ये प्रसाद का खर्रा है," महाराज म्हणाले.

मंजूने पाण्याचा गडवा पुढे केला. "चूळ भरा. मंग काढा काटा."

"परीक्षा घेते? काटा कोपेल."

"कोपू द्या. पोरगी सोसूनच राहिली."

"भर ना गा चूळ," मासोळीवाला कैलाश मागून म्हणाला. त्याच्याही गालात खर्रा होता. "पान्यानं का होते?"

चारी बाजूंनी माणसं सरकली, तशी महाराजांनी चूळ भरली. परातीत सुपारीचे चार तुकडे पडले आणि त्यांच्यामागून एक प्लास्टिकच्या पन्नीची पुडी. कैलाशने ती उकलली. आत मासोळीचे काटे. पुडी गालात लपवून महाराज जिभेने एकेक काटा बाहेर काढत. कैलाशने काटा उन्हात धरला. "शिजवलेला हाय. हळद बी लागून हाय."

महाराज मोटारसायकलवर जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या दिशेने गेले. पोरीच्या नजरेने त्यांची सिद्धी गेली, असं मानणारी दोन घरं गावात अजून आहेत.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हा आजार सहसा जात नाही, पण गोळ्या, भरपूर पाणी आणि ऊब यांनी सांभाळता येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी दुखणं अधूनमधून येतंच. परवा आलं, तेव्हा धुरपताबाई गुडघा निरखून म्हणाल्या, "चांगला तं दिसते."

"दिसते चांगला," मंजू म्हणाली. "पन दुखते. तिकून गरम पान्याची पिशवी आना."

धुरपताबाई पिशवी आणायला उठल्या.

महाराजांनी काटा विकला, कारण आपण लेकराकडे पुरावा मागितला होता. दुखणाऱ्या पोराला आधी विचारा, मग त्याच्यावर विश्वास ठेवा आणि सरळ दवाखान्यात न्या. बाकी मासोळीचे काटे ताटातच बरे.